वहिनीनं निवडलेली लेन्स

वहिनीला नणंदेचा फोटो मनापासून आवडला, तीच तर सगळी पंचाईत. फोटो टुकार असता तर तोंडभर कौतुक करून मोकळी झाली असती. खोट्या कौतुकाला काय लागतं? खरं कौतुक मात्र घशातच अडकून बसतं.

फोटो होता सुरय पक्ष्याचा. पाण्यावरून झपकन वळताना एक पंख पाण्याला टेकतोय न टेकतोय, चोचीत मासा, आणि त्या एवढ्याशा माशाच्या डोळ्यातही उजेड. पक्षिमित्र मंडळानं तो आपल्या कॅलेंडरवर चालू महिन्याच्या पानाला छापला. आणि वहिनीच्या नवऱ्यानं, म्हणजे नणंदेच्या सख्ख्या भावानं, ते कॅलेंडर टांगायला जागा कुठली शोधली? तर चष्म्याच्या दुकानात, आतल्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याच्या बरोबर वर.

दुकान दोघांचं. नवरा बाहेर काउंटरवर फ्रेमा दाखवायचा, वहिनी आत डोळे तपासायची. आता डोळे तपासायला बसलेलं माणूस समोर बघणारच. नाकावर ती जड लोखंडी फ्रेम, त्यात एकेक काच घालतेय वहिनी, आणि गिऱ्हाईक अक्षरं वाचायचं सोडून म्हणतंय, "पाखरू झकास आहे हो. तुम्ही काढलंत?"

"माझ्या नणंदेनं."

"वा. घरातच कलाकार."

"हो ना. खालची ओळ वाचा."

दिवसाला आठ गिऱ्हाइकं, दिवसाला आठदा हेच. महिना संपला तर नवऱ्यानं पान उलटलं नाही. म्हणाला, "राहू दे की. पुढच्या पानावर नुसतं बदक आहे." वहिनी "बरं" म्हणाली. पण पोटात जे दुखायला लागलं त्याला औषध नव्हतं.

कारण पाखरांचे फोटो हा मुळात वहिनीचा प्रांत. वीस वर्षांचा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नणंद बारा वर्षांची, दोन वेण्यांची आणि आईविना पोर. सगळे तिला छकू म्हणत, आणि चौतिसाव्या वर्षीही छकूच म्हणत. वेण्या घालायला वहिनी, सायकल शिकवायला वहिनी, पडून उजवं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात रात्रभर बसायला वहिनी. आणि दोन वर्षांपूर्वी, "रविवारी मला कंटाळा येतो गं," म्हणाली तेव्हा आपला जुना कॅमेरा आणि जुनी तीनशे मिलिमीटरची लेन्स तिच्या हातात देणारीही वहिनीच. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती अशी.

छकू टपाल खात्यात पत्रं वेगळी करायची. शंभर खणांसमोर उभं राहायचं, हातातलं पाकीट नुसतं दिसलं न दिसलं की योग्य खणात. दहा वर्षं तेच. डोळा आणि हात असे एकमेकांना बांधलेले, की आकाशातून आडवं गेलेलं पाखरू तिला पाकिटाइतकंच सोपं. वहिनीला मात्र उडतं पाखरू वीस वर्षांत धड जमलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, आणि छकूला ठाऊक नव्हतं, हे आणखी वाईट.

तरी एवढ्यावर भागलं असतं. कॅलेंडर काय, वर्ष संपलं की रद्दीत. खरी गोष्ट होती किल्लीची.

शहराबाहेर एक तळं होतं. तळं कसलं, दलदलच. चहूकडून पाणकणसांची दाटी, माणसाच्या डोक्यावर जाणारी. ते वर्षभर कुलूपबंद असे. आत मधोमध लाकडी लपण बांधलेलं: चार फळ्यांची खोली, तीन फटी, एक बाक. विणीच्या हंगामात मंडळ त्या लपणाची किल्ली एकाच माणसाला द्यायचं. दहा फोटो पाठवायचे, मंडळाचे कार्यवाह आणि आणखी दोघं बसून ठरवायचे. वहिनीनं अकरा वर्षांत सात वेळा अर्ज केला होता. दोनदा दुसरा नंबर आला. दुसऱ्या नंबराला किल्ली मिळत नाही, आभाराचं पत्र मिळतं.

आणि तिला लपणात जायचं होतं ते तपससाठी. तपस म्हणजे बगळ्याच्याच कुळातला, पण बगळा दिसतो आणि हा दिसत नाही. वाळक्या पाणकणसाचाच रंग, अंगावर तशाच उभ्या रेघा. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून उभा राहतो, की झालं, गवत. ऐकू मात्र येतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमतो. वहिनीनं कुंपणाबाहेर उभं राहून तो आवाज वीस वर्षं ऐकला होता. मंडळातल्या पाचसात जणांनी तपस पाहिला होता, आणि ते ज्या सुरात सांगायचे ना, तो सूर तिला सहन व्हायचा नाही.

तर यंदा कार्यवाहांनी, म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांनी, छकूला स्वतःहून सांगितलं: अर्ज कर.

छकू उड्या मारत दुकानात आली. "वहिनी, मी अर्ज करू? तू करतेसच, मग मी नको ना करायला?"

"कर की," वहिनी म्हणाली. "मी कोण अडवणार, वन्सं?"

वन्सं म्हणाली की वहिनी रागावलेली असते, हे नवऱ्याला कळायचं. छकूला ती थट्टा वाटायची.

"पण ती तीनशे आता चालत नाही गं. फोकस करताना नुसती कुरकुरते. नवी घ्यायला हवी. तू चल ना. मला त्यातलं काय कळतं? तू निवडशील ती घेईन."

आता बघा, देव देतो तेव्हा असं देतो. वहिनीला कुठं जावं लागलं नाही, काही करावं लागलं नाही. मान आपण होऊन सुरीखाली आली.

कॅमेऱ्याचं दुकान अरुंद होतं, काचेच्या कपाटांनी आणखी अरुंद केलेलं. दुकानदार जाडा, शांत आणि दुर्दैवानं प्रामाणिक होता. त्यानं छकूकडं एकदा बघितलं, तिच्या मनगटाकडं एकदा बघितलं, विचारलं, "ताई, कसली पाखरं काढता?"

"उडती."

"मग ही घ्या." त्यानं शंभर-चारशेची झूम पुढं ठेवली. "हलकी. हातात धरून दिवसभर फिरवाल. पाखरू जवळ आलं तर मागं घ्यायची, लांब गेलं तर पुढं."

वहिनीनं मनातल्या मनात त्याला शंभर शिव्या दिल्या, कारण तो अगदी बरोबर बोलत होता. तिच्या जागी दुसरी कुणी असती, दुकानात आलेली कुणीही परकी बाई, तर वहिनीनं तिला डोळे मिटून हीच लेन्स घ्यायला लावली असती.

"ती सहाशेची दाखवा," वहिनी म्हणाली. "सेकंडहँड आहे ना तुमच्याकडं, मोठी."

दुकानदारानं दोन्ही हातांनी ती आणली. तान्ह्या बाळाएवढी होती, आणि बाळापेक्षा जड. "बाई, ही ट्रायपॉडवर ठेवायची चीज आहे. या ताईंना उडत्या पाखरामागं..."

"दाखवा म्हटलं तेवढं दाखवा."

"दाखवतो की. आमचा धंदाच दुरून डोंगर साजरे करायचा," म्हणून तो हसला आणि बाजूला झाला.

डोळे तपासणाऱ्याच्या हातात एक विद्या असते, ती तो कुणाला सांगत नाही. दोन काचा दाखवायच्या असल्या, की आपल्या मनातली काच दुसऱ्यांदा दाखवायची. पहिली लावताना "ही," एवढंच म्हणायचं. दुसरी लावताना आवाज मऊ करून, जरा थांबून, "आणि आता बघा," म्हणायचं. शंभरातले नव्वद म्हणतात, दुसरी बरी. वहिनी हे कामात कधी करत नसे. तिथं ती इमानदार होती. पण त्या दुपारी तिनं छकूला दुकानाच्या दारात उभं केलं, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक पारवा बसला होता तो दाखवला.

"ही," ती म्हणाली आणि हलकी लेन्स कॅमेऱ्यावर चढवून तिच्या डोळ्याला लावली. मग ती काढली. मोठी लेन्स स्वतःच्या खांद्यावर पेलून धरली, म्हणजे छकूला वजन कळूच नये. "आणि आता बघ."

"अगं बाई," छकू पुटपुटली. "त्याच्या मानेवरचे रंग मोजता येतायत."

"तळ्यात पाखरं लांब असतात गं. चारशे पुरत नाही. मी अकरा वर्षं चारशेवरच रखडले, म्हणून तर तुला सांगते."

हे शेवटचं वाक्य फारच छान जमलं, असं वहिनीला वाटलं. छकूचे डोळे भरून आले होते. तिनं सहाशेची घेतली.

पुढचे तीन आठवडे वहिनीच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. छकू रविवारी जायची आणि आभाळाचे फोटो घेऊन यायची. नुसतं आभाळ. कधी कोपऱ्यात शेपटीचं टोक. ती जड लेन्स फिरवून पाखरापर्यंत न्यायची तोवर पाखरू दुसऱ्या गावाला. मनगटाला पट्टा बांधला होता. "वहिनी, माझंच चुकतंय का गं?" विचारायची. वहिनी तिच्या मनगटाला तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, "होईल सवय." तेल चोळताना खरंच जीव कळवळायचा. आणि आत स्वयंपाकघरात गेली की गाणं गुणगुणायची. दोन्ही खरं होतं. एकाच बाईच्या पोटात दोन्ही मावतं, ज्यानं कधी जळून पाहिलं नसेल त्यालाच हे पटणार नाही.

सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून वहिनीनं निवांतपणे आपले दहा फोटो निवडले.

मग छकू रविवारी दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणायची, "बसते मी आता." टपाल कचेरीच्या मागं पावसाचं पाणी साठून एक डबकं झालेलं, तिथं ती कामावरून सुटली की, आणि रविवारीही, ट्रायपॉड लावून तीन तीन, चार चार तास बसायला लागली होती. पाखरामागं धावता येत नाही तर पाखराची वाट बघायची. लेन्सच अशी होती, की दुसरं काही करताच येईना. वहिनीनं हे ऐकलं आणि तिला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. डबक्यात काय असणार, पाणकोंबड्या.

पाणकोंबड्याच होत्या. निकालाच्या दिवशी मंडळाच्या खोलीत पडद्यावर छकूचे दहा फोटो दाखवले, दहाही त्याच डबक्यावरचे, एकाच पाणकोंबडीच्या घराचे. पिल्लाच्या कपाळावरचा लाल ठिपका. आईच्या चोचीतून त्याच्या चोचीत जाणारा एक किडा, आणि त्या किड्याचे पाय. उडत्या सुरयाच्या फोटोत चपळाई होती. यात माया होती. वहिनीला डोळे होते, आणि डोळे तर तिचा धंदाच. तिला पहिल्या फोटोलाच कळलं की आपली किल्ली गेली.

कार्यवाह आजोबांनी विचारलं, "एवढं बसायला तुला शिकवलं कुणी?"

छकू उभी राहिली. "वहिनीनं. मी नुसती पळत होते. तिनं ही लेन्स घ्यायला लावली. दुकानदार नको म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. तिला माहीत होतं मला काय हवंय ते."

सगळ्यांनी मागं वळून टाळ्या वाजवल्या. वहिनीला उठून हसावं लागलं. अंगाचा तिळपापड होत असताना नमस्कार करायचा म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला माहीत. नवरा शेजारी बसून डोळे पुसत होता.

बाहेर जिन्यात छकूनं तिचा हात धरला. "वहिनी, एक विचारू? ती लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन दलदलीतून मला एकटीला जाता येणार नाही. जड सामान असलं तर एक सोबती चालतो म्हणे. सोबत्याला कॅमेरा नेता येत नाही. मी तुझं नाव दिलं. तुला कमीपणा वाटणार नाही ना? निदान तपस तरी बघशील तू."

हमाल. वहिनीला पहिला शब्द तोच सुचला. आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणतात, इथं तर धोंडा आपण दुकानात जाऊन पारखून निवडला होता. नाही म्हणावं असं शंभरदा वाटलं. पण लपण होतं. अकरा वर्षं होती.

"येईन की," ती म्हणाली.

पाच फेऱ्या झाल्या. पहाटे कुंपणाचं कुलूप काढायचं, फळ्यांच्या वाटेनं चालायचं, वहिनीच्या पाठीवर लेन्स, छकूच्या खांद्यावर ट्रायपॉड. लपणात बोलायची बंदी. काही दिसलं तर शेजारच्याच्या कोपराला बोट लावायचं: एकदा लावलं तर डावीकडं, दोनदा लावलं तर उजवीकडं. पाच फेऱ्यांत बदकं दिसली, एक खंड्या दिसला, तपस दोनदा घुमला. दिसला नाही.

सहाव्या फेरीला धुकं होतं. सात वाजून गेले होते. छकू उजव्या फटीला कॅमेरा लावून बसली होती, कारण तिकडंच काहीतरी हललं होतं. सहाशेच्या लेन्सला डोळा लावला की माणसाला दारातल्या भोकाएवढं जग दिसतं, बाकीचं नाही. वहिनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिच्या मानेकडं बघत होती. मानेवरचे केस विस्कटले होते. चांगली मान होती, कष्टाळू. वहिनीला वाटलं, हिला सगळंच कसं मिळतं. न मागता मिळतं. मी जे वाईट करायला गेले तेसुद्धा हिला वरदान म्हणून मिळालं.

आणि डाव्या फटीत गवताचा एक तुकडा चालायला लागला.

दहा पावलांवर. आधी पाय दिसला, हिरवट, लांब बोटांचा. तो पाण्यातून इतका सावकाश वर आला की पाण्याला पत्ता लागला नाही. मग मान. तपस पाणकणसांतून उघड्यावर आला आणि थांबला. त्याला काही जाणवलं असावं, त्यानं चोच वर केली, आणि वहिनीच्या देखत तो नाहीसा व्हायला लागला. पण तिनं नजर हलवली नव्हती. वाऱ्यानं पाणकणसं डोलली तसा तोही डोलला. चोच आभाळाकडं, आणि चोचीच्या मुळाशी दोन पिवळे डोळे खाली वळवून तो थेट तिच्याकडं बघत होता.

वीस वर्षं. तिला रडू आलं.

एक बोट. छकूचं कोपर हातभर लांब होतं. तिचा हात उठलासुद्धा. एकदा बोट लावायचं, छकू वळेल, उजेड चांगला आहे, पाखरू थांबलं आहे. जन्मात एकदा मिळतो असा फोटो. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर, अक्षरांच्या तक्त्यावर, दिवसाला आठदा. घरातच कलाकार.

हात तिथंच राहिला. हा माझा, वहिनी मनात म्हणाली. एवढा एक तरी माझा.

तपसनं चोच खाली घेतली, दोन पावलं टाकली, पाण्यातून एक बेडूक उचलला आणि पाणकणसांत शिरला. पाणी पुन्हा सपाट झालं.

नऊ वाजता फेरी संपली तेव्हा छकूनं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला, तो चोळत म्हणाली, "काही होतं का गं तिकडं? मघाशी तू श्वास रोखून बसली होतीस."

"पायाला मुंग्या आल्या होत्या."

लपणाच्या दाराशी मंडळाची नोंदवही खिळ्याला टांगलेली असे. निघताना भरायची आणि दोघांनी सही करायची. वहिनीचं अक्षर चांगलं, म्हणून तीच लिहायची. तिनं तारीख घातली, धुकं लिहिलं, बदकं लिहिली. शेवटचा रकाना तपसचा होता: दिसला, ऐकला, नाही. तिथं पेन थांबलं. हे सांगायला तिला एक माणूस हवं होतं. ते पिवळे डोळे, ते डोलणं, पाय कसा उचलला ते. वीस वर्षं ती या गोष्टीचीच तर वाट बघत होती, आणि आता तिला कळलं की ही गोष्ट कधीच कुणाला सांगता येणार नाही. मंडळात नाही, नवऱ्याला नाही, म्हातारपणी सुद्धा नाही. सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग छकूला का नाही दाखवलास?

छकू ट्रायपॉडचे पाय मिटत होती. "दिसेल गं," ती म्हणाली. "अजून चार फेऱ्या आहेत. आणि मी ठरवलंय, वहिनी, मला आधी दिसला ना तर मी फोटो काढणार नाही. आधी तुला दाखवणार. फोटोच्या नादात तो निघून गेला आणि तुझा बघायचा राहिला तर? मला नाही बाई तसला फोटो हवा."

वहिनी वहीकडं बघत राहिली. मग तिनं रकान्यात "नाही" लिहिलं, खाली सही केली आणि वही पुढं केली.

छकूनं न वाचताच तिच्या सहीखाली सही केली.